पाइपची पुंगी : वाजली तर वाजली, नाहीतर नळाला जोडली

खटपट्या (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार.

घरात नळाचं काम निघालं होतं. ते संपलं आणि कोपऱ्यात पीव्हीसी पाइपचा मीटरभर तुकडा उरला. आतला व्यास 20 मिमी, भिंत अडीच मिमी. दोन दिवस येता-जाता तो माझ्याकडे आणि मी त्याच्याकडे बघत होतो. तिसऱ्या दिवशी ड्रिल काढलं. लहानपणी दोन वर्षं बांबूची बासरी वाजवली होती, फुंकर बसते, एवढंच भांडवल.

आधी गणित केलं. बासरी म्हणजे दोन्ही टोकं उघडी असलेली नळी, म्हणून लांबी = ध्वनीचा वेग ÷ (2 × कंपनसंख्या). मला पांढरी पाचची (पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीवर सा असलेली) बासरी हवी होती, म्हणजे सहाही भोकं बंद केल्यावर मंद्र पंचम, सुमारे 294 हर्ट्झ. ध्वनीचा वेग सेकंदाला 343 मीटर, त्याला 588 ने भागलं, आले 58.3 सेंमी. फुंकायच्या भोकापासून खालच्या टोकापर्यंत 58 सेंमी ठेवले, वरच्या टोकाला तयार एंड कॅप ठोकली, बोटांची भोकं जुन्या बासरीवरून प्रमाणात मोजून पाडली.

वाजली! पण दोन दुखणी आहेत. एक, मोबाइलमधला ट्यूनर 294 ऐवजी 272 दाखवतो. अर्ध्या स्वराच्याही खाली. दुसरं, जोरात फुंकून तार सप्तकात गेलं की सगळे स्वर उतरलेले, आणि जितकं वर जावं तितके जास्त. मध्य सा जुळवला तर तार सा रडतो.

हा प्लास्टिकचा दोष समजायचा का? घरी पाइपपासून काही वाजतं केलेल्यांनी अनुभव लिहावेत. बासरीच हवी असं नाही.

टोपणनाव सुचेना

धागा वाचून घरातल्या सगळ्या पाइपांकडे संशयाने बघितलं. पाणी चालू असताना आमचा पाइप आपणहून वाजतो, तो कोणत्या पट्टीत धरायचा?

काळी_चार

खटपट्या, पहिल्या दुखण्याचं सांगतो. तुमचा भागाकार बरोबर आहे, पण हवेला तुमची पट्टी दिसत नाही. नळीतली हवा टोकाशी येऊन गपकन थांबत नाही, थोडी बाहेरही हलते. उघड्या टोकाशी ही जादा लांबी त्रिज्येच्या साधारण 0.6 पट धरतात, म्हणजे तुमच्याकडे 6 मिमी. तेवढ्याने काही बिघडत नाही. खरी मेख फुंकायच्या भोकाशी आहे. ते भोक नळीच्या व्यासाहून लहान, त्यात निम्मं ओठाखाली झाकलेलं. त्यामुळे हवेला तिकडचं टोक प्रत्यक्षापेक्षा चार-पाच सेंमी लांब वाटतं. 58 मध्ये 5 मिळवा, 63 सेंमी. आता 343 ला 1.26 ने (0.63 मीटरची दुप्पट) भागा. 272. तुमचा ट्यूनर अगदी खरं बोलतोय.

म्हणजे लांबी 53 च्या आसपास हवी. पण एकदम कापू नका, तीन-तीन मिमी कापत, दर वेळी वाजवून बघत या. कापलेला पाइप परत जोडता येतो, पण मग कपलर लावून बासरी वाजवावी लागते आणि लोक विचारतात.

खटपट्या

काळी_चार, 272 चा आकडा जुळलेला बघून अंगावर काटा आला. खूप आभार. करवत शोधतो.

मेणाहून मऊ

एक इशारा, स्वतःच्या मूर्खपणातून आलेला. बांबूला भोकं पाडताना तापवलेली सळई वापरतात, हे मी बघितलं होतं. म्हटलं, प्लास्टिक तर त्याहून मऊ. गॅसवर सळई लाल केली आणि पाइपला टेकवली. चर्र झालं, पिवळट धूर आला आणि पुढच्या श्वासाला नाक-घसा-डोळे सगळं पेटलं. दिवसभर खोकत होतो. भोक म्हणाल तर कडेला काळा जाड ओघळ, आत मणी लोंबलेले. त्यातून सूर तर सोडाच, नीट वाराही जात नव्हता.

नंतर वाचलं : पीव्हीसीमध्ये क्लोरीन असतं, जाळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. नाकाच्या ओलाव्यात मिसळला की ते हायड्रोक्लोरिक आम्लच. तेव्हा बांबूची सळई बांबूलाच.

पाना_पक्कड

वरच्या प्रतिसादाला +१. पीव्हीसीला भोक पाडायची पद्धत : जागेवर कागदी चिकटपट्टी लावा म्हणजे ड्रिल घसरत नाही. आत बसेल असा लाकडी दांडा घाला म्हणजे पलीकडची भिंत वाचते. आधी 3 मिमी, मग 5, मग हळूहळू पुढे. थेट मोठं बिट लावलं तर ते पाइपला पकडतं आणि पाइप तुम्हाला. शेवटी आत लोंबणारी कुसळं कानशीने काढा, तीच निम्मी फुसफुस करतात. घासताना भुकटी उडते, पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासा.

आणि पाइप पिण्याच्या पाण्याचा घ्या. पीव्हीसी टिकाऊ करायला शिशाची संयुगं वापरायची पद्धत होती, जुना-पुराणा सांडपाण्याचा तुकडा ओठाला लावण्यात शहाणपण नाही.

वेळूबन

मूळ प्रश्नाचं उत्तर एका शब्दात : बांबू. प्लास्टिकमधून स्वर निघतो, सूर निघत नाही. बांबूत तंतू असतात, तो श्वास घेतो. तीस वर्षं बासऱ्या करतोय, नळाच्या पाइपला बासरी म्हणवत नाही. राग नसावा.

भिंगातून

वेळूबनकाका, आदर ठेवून असहमत. बासरीत वाजते ती आतली हवा, भिंत नव्हे. सतारीचा भोपळा थरथरतो तशी बासरीची भिंत थरथरून आवाज देत नाही. जॉन कोल्टमन या अभ्यासकाने 1971 साली हे तपासून प्रसिद्ध केलं. आतून सारख्या मापाच्या बासऱ्या, एक चांदीची, एक तांब्याची, एक लाकडाची. ऐकणाऱ्यांना वाद्य दिसत नव्हतं. कोणती कशाची, हे त्यांना ओळखता आलं नाही.

वेळूबन

'आतून सारख्या मापाच्या' हे तुम्हीच लिहिलंत, तिथेच गोम आहे. बांबू आतून सारखा कधीच नसतो. एका टोकाला किंचित निमुळता, कुठे फुगलेला, कुठे गाठ घासून काढलेली. आणि त्याची भिंत जाड, त्यामुळे भोकाला खोली येते. अडीच मिमीच्या भिंतीत फुंकर धरायला जागाच कुठे? मी तंतू म्हणालो ते सोडून द्या, ही दोन कारणं तरी मानाल?

भिंगातून

मानतो. पण ही मापं झाली, पदार्थ नाही. प्लास्टिकलाही ती देता येतात.

पाना_पक्कड

देता येतात, आणि सोपं आहे. त्याच पाइपचा तीन सेंमीचा तुकडा कापा, लांबीच्या बाजूने एक चीर द्या, उकळत्या पाण्यात मिनिटभर धरा. पीव्हीसी 80 अंशांच्या आसपास मऊ पडतं. चिमट्याने काढून, जाड हातमोजे घालून, फुंकायच्या भोकाच्या जागी पाइपवर चढवा. गार झालं की कडक कडं बसतं. आता दोन्हीतून आरपार भोक पाडा, भिंत पाच मिमी झाली. ज्या कडेवर फुंकर आपटते ती बाहेरची कड धारदार ठेवा, गुळगुळीत करायच्या मोहात पडू नका. मी एकदा हौसेने कड गोल केली आणि चांगली वाजणारी बासरी मुकी केली.

साळुंकी

बासरीपासून सुरुवात करणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं. माझ्या भाच्यांना मी आधी पेय प्यायच्या नळीची पिपाणी करायला दिली. टोक दातांनी चपटं करायचं, कात्रीने दोन्ही कोपरे छाटून टोकदार जीभ करायची, ओठांत जरा आत धरून फुंकायचं. बदकासारखी ओरडते. मग वाजत असतानाच दुसरं टोक कात्रीने कापत जायचं, प्रत्येक कापाला आवाज वर चढतो. धाकटी हसून हसून फुंकूच शकेना.

मग केला तो पॅनपाइप. अर्ध्या इंची पाइपचे आठ तुकडे, एक टोक बंद. बंद नळी चौपट हिशोबाने चालते, म्हणजे लांबी = 343 ÷ (4 × कंपनसंख्या). पांढरी एकच्या सप्तकासाठी सेंमीमध्ये 16.4, 14.6, 13.0, 12.3, 10.9, 9.7, 8.7, 8.2. याच मापाने कापा, सगळे थोडे उतरलेले लागतील, ते बरंच. मग तळाशी मेण घालून, काडीने दाबून एकेक चढवत आणायचा. रोमानियातल्या 'नाय' या पॅनपाइपलाही असंच मधमाशांचं मेण घालून सुरात आणतात. जास्त चढला तर मेण खरवडा. भोकं नाहीत, बोटं नाहीत, ड्रिल नाही. तासाभरात सरगम.

मेणाहून मऊ

ताई, मेणाचा उल्लेख आला म्हणून हजर झालो. :)

सव्वा_शहाणा

माझं डिजरिडू. 40 मिमी व्यासाचा, 130 सेंमीचा पाइप, तोंडाशी मेणाचं कडं करून भोक 30 मिमीवर आणलेलं. बास. ओठ सैल सोडून घोड्यासारखे फुरफुरवायचे. लांबीच्या हिशोबाने 66 हर्ट्झ येतात आणि येतातही. खिडकीची तावदानं साथ करतात.

मूळ वाद्य ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या आदिवासींचं, योल्ङु लोक त्याला यिडाकी म्हणतात. निलगिरीचं खोड वाळवी आतून पोखरते, तेच हे लोक शोधून काढतात. माझ्यासाठी वाळवीचं काम प्लास्टिक कारखान्याने केलं.

अवघड आहे ते श्वासाचं. गालांत हवा साठवायची, गाल दाबून ती बाहेर सोडत असतानाच नाकाने श्वास घ्यायचा. पाण्याच्या पेल्यात नळी घालून बुडबुडे न तोडता सराव केला. तीन आठवडे लागले. या तीन आठवड्यांत शेजाऱ्यांनी दोनदा विचारलं की घरात कुणाला बरं नाही का.

निरुपद्रवी

माझा फसलेला प्रयोग. जुन्या सॅक्सोफोनचं माउथपीस मिळालं, रीडसकट (फुंकल्यावर थरथरते ती पातळ पट्टी). 50 सेंमी पाइपला टेप गुंडाळून बसवलं. अपेक्षा सॅक्सोफोनची होती, आवाज आला क्लॅरिनेटचा. वर आणखी गंमत म्हणजे बासरीसारखं जोर लावून तार सप्तकात जायला गेलो तर सा वरून तार सा येईना, थेट तार पंचम! सहा भोकं पाडली होती, मधले स्वर कुठून आणू?

काळी_चार

फसलेला कसला, तुमच्या हातून नकळत क्लॅरिनेट झालं. रीड असलेलं टोक हवेच्या दृष्टीने बंद असतं. एक टोक बंद असलेल्या सरळ नळीत 1, 3, 5 असे विषम पटीचेच स्वर ठळक असतात. दुप्पट म्हणजे तार सा, तो तिथे मिळत नाही. तिप्पट म्हणजे तार पंचम. म्हणून त्याच लांबीच्या बासरीपेक्षा तुमची नळी एक सप्तक खालीही वाजत असणार.

सॅक्सोफोन आणि सनई यांच्या नळ्या शंकूसारख्या. शंकूला सगळ्या पटी मिळतात, म्हणून त्या सरळ तार सा ला जातात. आवाजातला फरक पितळ की लाकूड यापेक्षा या आकाराचा जास्त. तुम्हाला सॅक्सोफोनच हवा असेल तर रिड्यूसर लावत पाइप पायरीपायरीने रुंद करत न्या. ओबडधोबड शंकू होतो, पण चालतो.

निरुपद्रवी

म्हणजे मी महिनाभर रीडला शिव्या घातल्या त्या फुकट गेल्या.

फुकट फौजदार

बागेतल्या रबरी नळीला एका बाजूला ट्रम्पेटचं माउथपीस आणि दुसऱ्या बाजूला तेल ओतायचं नसराळं लावून बघा. झकास भोंगा होतो, ओठ आवळत गेलं की एकेक वरचा स्वर सुटतो. हसू नका, डेनिस ब्रेन हा नावाजलेला हॉर्नवादक 1956 साली लंडनमध्ये हॉफनुंगच्या विनोदी संगीत महोत्सवात रबरी नळीवर लिओपोल्ड मोत्झार्टची रचना वाजवून गेला. लोक हसायला आले होते आणि त्याने ती सुरात वाजवली.

अवांतर : वायरिंगची नागमोडी कड्यांची लवचीक नळी मीटरभर कापून डोक्यावर गरगर फिरवा. गाते! वेग वाढवला की स्वर सरकत नाही, उडी मारतो. सर्वांत खालचा स्वर बहुधा लागतच नाही, पुढच्या पटी लागतात. दुप्पट, तिप्पट, चौपट. म्हणजे सा, प, तार सा. हाताने फिरवलेला तंबोराच म्हणा. फक्त कडी आतूनही हवीत. आतून गुळगुळीत नळी घेऊन मी अर्धा तास फिरवत होतो, खांदा तेवढा वाजला.

टोपणनाव सुचेना

मग ज्याला फुंकता येत नाही, गरगरतंही, त्याने काय करायचं?

फुकट फौजदार

चप्पल. जाड पाइपच्या तोंडावर चपलेचा तळ थपकन मारायचा, आतली हवा दणका देते. सॉलोमन बेटांवर जाड बांबूंच्या नळ्यांवर चपला आपटून वाजवणारे वृंद आहेत.

टोपणनाव सुचेना

हे घरी लहानपणापासून ऐकलंय. वाद्य वेगळं होतं, मीच.

भिंगातून

खटपट्या, जुळवताना एक लक्षात ठेवा, तापमान. हवा तापली की ध्वनीचा वेग अंशामागे सेकंदाला सुमारे 0.6 मीटरने वाढतो. 20 अंशांना जुळवलेली बासरी 35 अंशांना जवळजवळ पाव स्वर चढते. पेटी तेवढी चढत नाही. सकाळी जुळलेली जोडी दुपारी भांडते ती यामुळे. आधी दोन-तीन मिनिटं वाजवून नळी श्वासाने गरम करा, मगच ट्यूनरकडे बघा.

साळुंकी

सगळे आपापली पिपाणी वाजवून मोकळे झाले (मीही), पण धागाकर्त्याच्या दुसऱ्या प्रश्नाला कुणीच हात घातला नाही. तार सप्तक उतरतंय त्याचं काय?

वेळूबन

हात घालतो. पहिल्या दिवसापासून मला ते दिसतंय, पण वादाच्या नादात राहून गेलं. खटपट्या, एंड कॅप फुंकायच्या भोकापासून किती लांब आहे?

खटपट्या

काका, मोजलं. भोकाच्या मध्यापासून कॅपच्या आतल्या बाजूपर्यंत 7 सेंमी. धरायला बरं पडतं म्हणून ठेवलं होतं.

वेळूबन

सापडलं. बांबूच्या बासरीत वरच्या टोकाला नुसती गाठ नसते, आत बूच असतं. बूच भोकाच्या मध्यापासून साधारण नळीच्या आतल्या व्यासाइतकं लांब ठेवायचं. तुमच्याकडे 20 मिमी. तुम्ही साडेतीन पट लांब गेलात. भोकामागे ती रिकामी कोठी राहिली की खालच्या स्वरांना ती थोडं खाली ओढते आणि वरच्यांना फार. म्हणून वर जावं तसे जास्त उतरतात. बूच जवळ आणाल तसं तार सप्तक चढत येईल. फार जवळ आणलंत तर उलट वर चढेल आणि खालचे स्वर अशक्त होतील. एकेक मिमी सरकवा.

बाटलीचं बूच घासून बसतं करा, सैल झालं तर नळाची पांढरी टेप गुंडाळा. चिकटवू नका. आणि क्रम लक्षात ठेवा : आधी बूच, मग लांबी, मग बोटांची भोकं. भोक मोठं केलं की स्वर चढतो, तोंडाच्या बाजूने कोरलं तर आणखी. जास्त कोरलं गेलं तर एमसील.

यात प्लास्टिकचा काही दोष नाही. हे मी लिहिलं म्हणून कुणी उड्या मारू नका.

भिंगातून

उडी मारत नाही. नुसता उभा राहिलो आहे.

काळी_चार

वेळूबन, दंडवत. मी लांबीचा हिशोब सांगितला आणि मागच्या कोठीकडे बघितलंच नाही.

खटपट्या

उशिरा लिहितोय, माफी. क्रम चुकलाच, काकांचा प्रतिसाद येण्याआधी कापून 53.5 वर आलो होतो. मग बूच केलं, पेन्सिलीने ढकलत 20 मिमीवर आणलं. तार सा वर आला तो आलाच, पण मंद्र पंचमही अंमळ चढला. म्हणजे आता बासरी किंचित तोकडी. पाना_पक्कड यांच्या कड्याची युक्ती कामी आली : तसंच एक कडं खालच्या टोकाला चढवलं, सहा मिमी बाहेर ठेवलं, पंचम बसला.

तार सा अजून केसभर उतरतो, ओठाने सावरता येतो. तीव्र मध्यम मात्र कसाही फुंकला तरी बेसूर, सगळ्यात वरचं भोक मी जागेवरच पाडलेलं नाही. ते बुजवून पुन्हा पाडतोय.

मेणाहून मऊ, तुमचा इशारा वाचला नसता तर मी गॅसजवळच होतो.

आता शेवटचा प्रश्न. पाइपवर लांबच्या लांब निळी छापील अक्षरं आहेत, 'पिण्याच्या पाण्यासाठी' वगैरे. ती कशी घालवायची?

पाना_पक्कड

कापडाला थोडं अ‍ॅसिटोन लावून एकदाच पुसा. घोळत बसलात तर पाइप चिकट होतो, अक्षरांबरोबर बोटांचे ठसेही कायमचे बसतात. त्यापेक्षा बारीक पॉलिश पेपर आणि पाणी.

टोपणनाव सुचेना

राहू द्या हो. ऐकणाऱ्याला कळू दे, पिण्यासाठी आहे, ऐकण्यासाठी नाही.

वेळूबन

अक्षरं राहू द्या, पण फुंकायच्या भोकाजवळची काढा, शाई ओठाला लागते. आणि वरच्या भोकाचं माप नवीन पाडण्याआधी इथे टाका, बघतो.